पारा काय नदीसोबत वाहून जातो?

‘पारा सोडणं १९७० मध्येच थांबलं, नदीनं एव्हाना स्वतःला धुतलं असेल.’ कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या ग्रासी नॅरोज या आदिवासी वस्तीबद्दल हा समज पन्नासेक वर्षं चालत आलाय. वाहतं पाणी निर्मळ, ही आपलीही लाडकी समजूत. पण ती इथे साफ चुकीची आहे.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या ड्रायडन गावातल्या कागद गिरणीनं १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत सुमारे ९ टन पारा सोडला. तो गाळात जाऊन बसला. तिथले जीवाणू त्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे पाऱ्याचं विषारी संयुग करतात. ते किड्यांत शिरतं, किड्यांतून लहान माशांत आणि शेवटी लोकांच्या ताटातल्या वॉलाय माशात. दर पायरीला प्रमाण वाढत जातं. चरबी काढा, तळा, उकळा, काही उपयोग नाही. हा पारा माशाच्या मांसातच घट्ट बसलेला असतो. वर मासा दिसतो अगदी ताजा, फडफडीत! हात थरथरणं, नजर आकसणं, तोल जाणं हे मिनामाटाचे विकार, म्हणजे जपानच्या मिनामाटा गावात पाऱ्याचे मासे खाऊन झाले तसे. जपानी डॉक्टर मासाझुमी हारादा यांनी १९७५ मध्येच ग्रासी नॅरोजच्या लोकांना तपासलं होतं.

उत्तर ऑन्टारियोतल्या कीवेटिनूंगचे आमदार सोल मामाक्वा हा प्रश्न विधानसभेत पुन्हा पुन्हा मांडतात, तेव्हा ‘जुनी मढी कशाला उकरता?’ असं कुणाला वाटेलही. पण नदी साफ करण्यासाठी ८.५ कोटी डॉलर देण्याचं प्रांत सरकारनं कबूल केलं, तेच मुळी २०१७ मध्ये.