सभागृहातले आणि पडद्यासमोरचे : उपासनेतल्या स्वागताची पार्श्वभूमी

मार्च २०२० नंतर ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चमधल्या उपासकसमूहांच्या, उपासनेतली सुरुवातीची दोन-तीन वाक्यं बदलली. त्याआधी पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, ‘इथे जमलेल्या सर्वांचं स्वागत’ म्हणून पहिल्या गीताकडे वळत. आता समोरच्या बाकांबरोबर एक कॅमेराही असतो आणि त्याच्या पलीकडे कोण बसलं आहे ते दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या माणसाला कोणत्या शब्दांत आत घ्यायचं, हा प्रश्न महामारीने आणला असं अनेकांना वाटतं. महामारीने तो टाळता येणार नाही असा केला, एवढंच. प्रश्न जुनाच आहे.

फार मागे जायचं तर पहिल्या काही शतकांत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा, भाग फक्त बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असे. उपदेश संपला की बाप्तिस्म्याच्या तयारीत असलेल्यांना बाहेर पाठवत. पौर्वात्य उपासनाविधीत ‘दारं, दारं!’ ही त्या काळची सूचना अजूनही म्हटली जाते. दुसरीकडे, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायांशी जागा देणाऱ्या मंडळीला खडसावलं आहे. म्हणजे दार कुणासाठी उघडायचं आणि आत आलेल्याशी कसं बोलायचं, हे दोन्ही प्रश्न सुरुवातीपासून सोबत होते.

मधली शतकं ओलांडून एकोणिसाव्या शतकात यायला हवं. तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये बाकं भाड्याने दिली जात. भाडं न भरणारा मागे बसे किंवा उभा राही. इंग्लंडमध्ये १८१८ च्या कायद्याने नव्या चर्चसाठी १० लाख पौंड मंजूर झाले, त्यामागे गरिबांना बसायला जागा मिळावी हा एक हेतू होता. ‘इथल्या सर्व जागा मोफत आहेत’ अशा पाट्या त्या काळातल्या. आज फलकावर सहज लिहिलं जाणारं ‘सर्वांचं स्वागत’ त्या वेळी एका व्यवस्थेविरुद्ध घेतलेली भूमिका होती, हे विसरलं जातं.

मग रेडिओ आला. २ जानेवारी १९२१ रोजी पिट्सबर्गमधल्या एका चर्चची संध्याकाळची उपासना प्रसारित झाली. अशा प्रक्षेपणांतली ती पहिली मानली जाते. दोन वर्षांनी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये राजघराण्यातलं एक लग्न झालं. त्याच्या प्रक्षेपणाला तिथल्या धर्मगुरूंनी नकार दिला. लोक दारूच्या गुत्त्यात, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकतील, अशी धास्ती होती असं सांगतात. शंभर वर्षांनी पायजम्यात, हातात कप घेऊन उपासना बघणाऱ्यांबद्दल हीच तक्रार जवळजवळ त्याच सुरात ऐकू आली. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी मात्र रेडिओ हा आठवड्यातला एकमेव आधार होता. मला हे दुसरं चित्र जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण आजही ऑनलाइन उपासनेचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

दूरचित्रवाणीवर मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना, दिसू लागला तेव्हा रोमन कॅथलिक चर्चने १९५७ मध्येच सांगून टाकलं की पडद्यावर पाहणं म्हणजे हजर असणं नव्हे. २००२ मधल्या एका दस्तऐवजात त्याच चर्चने इंटरनेटवर संस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन असे पवित्र विधी, होत नाहीत असंही स्पष्ट केलं. दोन्ही ठिकाणी दूर बसलेल्याला मिळणाऱ्या आध्यात्मिक लाभाची दखल होती, पण चर्चेत उरला तो नकार.

२००४ मध्ये ब्रिटनमध्ये एक त्रिमितीय आभासी चर्च काही महिने चाललं. लोक संगणकावरच्या बाहुल्यांच्या रूपात येत, गुडघे टेकत, एकमेकांशी लिहून बोलत. धिंगाणा घालणारेही आले आणि त्यांना बाहेर काढायला माणसं ठेवावी लागली. स्वागताबरोबर दारावरची राखण आलीच.

खरा तिढा प्रभुभोजनाचा, आणि इथे थोडं थांबावं लागेल. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळक मेजासमोर उभे राहून म्हणतात, ‘हे मेज प्रभूचं आहे, सर्वांना आमंत्रण आहे.’ हे वाक्य कॅमेऱ्यातून घरोघर पोचतं तेव्हा ‘सर्व’ म्हणजे कोण? घरी बसलेल्या बाईंनी समोर भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा पेला ठेवला असेल तर ते प्रभुभोजन की नुसतं खाणं? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका मेथॉडिस्ट मंडळीने ऑनलाइन प्रभुभोजनाचा बेत आखला, तेव्हा संप्रदायाच्या नेत्यांनी थांबायला सांगितलं आणि विषय अभ्यासासाठी बाजूला ठेवला. अभ्यास पुरा होण्याआधी २०२० उजाडलं.

त्या मार्चमध्ये निर्णय दिवसांत घ्यावे लागले. एका प्रेस्बिटेरियन संप्रदायाने ऑनलाइन प्रभुभोजनाला आणीबाणीपुरती मुभा दिली. एका लूथरन संप्रदायाने सल्ला दिला की घाई नको, हा काळ प्रभुभोजनापासूनच्या उपवासाचा माना. इंग्लंडमधल्या अँग्लिकन नेतृत्वाने पडद्यासमोर भाकर-द्राक्षरस ठेवण्यापेक्षा मनाने सहभागी व्हा असं सुचवलं. या भूमिकेमागे जुना आधार आहे. १५४९ च्या त्यांच्या प्रार्थनापुस्तकातच आजाऱ्यासाठी लिहिलं होतं की योग्य कारणाने त्याला प्रभुभोजन तोंडाने घेता आलं नाही, तरी विश्वासाने त्याला पूर्ण लाभ होतो. म्हणजे दूर असलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, ही काळजी आधीपासून होती.

तरीही वाक्याचा प्रश्न सुटत नाही. मनाने सहभागी व्हा असं सांगणाऱ्या बहुतेक मंडळ्यांत आमंत्रणाचे शब्द जसेच्या तसे राहिले. पडद्यापलीकडचा माणूस ‘या, सर्वांसाठी तयार आहे’ ऐकतो आणि पुढच्या क्षणी कॅमेरा रांगेत उभ्या राहिलेल्यांच्या पाठीवर जातो. धर्मशास्त्र काहीही असो, हे बोलणं निष्काळजीपणाचं आहे. मुभा नसेल तर तसं प्रेमाने सांगावं, त्या मिनिटांसाठी घरच्यांना एखादी प्रार्थना द्यावी, तिचे शब्द पडद्यावर दाखवावेत. काही मंडळ्यांनी हे केलं आणि तिथे कुरकुर कमी झाली, असं अनेक पाळकांचं म्हणणं आहे.

बाकीचे बदल छोटे वाटतात, पण रविवारी बोचतात तेच. ‘आम्हाला पाहणाऱ्यांचं स्वागत’ म्हटलं की घरचा माणूस प्रेक्षक होतो. ‘आपल्यासोबत उपासना करणाऱ्यांचं’ म्हटलं की तो मंडळीत येतो. ‘जे प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत’ या शब्दांत उणेपणा चिकटलेला असतो, म्हणून काहींनी ‘सभागृहातले आणि ऑनलाइन’ अशी सरळ जोडी पत्करली. ‘शेजारच्याशी हात मिळवा’ आणि ‘मागच्या टेबलावर नाव नोंदवा’ या सूचना घरी एकट्या असलेल्याला काहीच सांगत नाहीत. प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, त्यामुळे त्याचं ‘आमेन’ पोहोचेपर्यंत प्रार्थना पुढे गेलेली असते. चॅटवर एखादा स्वयंसेवक नावानिशी नमस्कार करतो तेव्हा ही दरी थोडी भरते. उपासनेतून मात्र ‘चॅटमध्ये तुमची प्रार्थना लिहा’ हे निदान एकदा बोललं गेलं पाहिजे.

‘उभे राहू या’चा बदल तर ऑनलाइनच्या आधीचा. अमेरिकेतल्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने धार्मिक संस्थांना सूट दिली होती, त्यामुळे तिथे व्हीलचेअरवरच्यांसाठी भाषा बदलली ती स्वतःहून. आधी ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी’ आलं, मग ‘शरीराने किंवा मनाने उभे राहू या’. पहिल्यात न उभं राहणारा अपवाद ठरतो, हा आक्षेप अपंग उपासकांनीच घेतला. दुसरं वाक्य पलंगावरून पाहणाऱ्यालाही लागू पडतं, आणि म्हणूनच प्रक्षेपणाच्या काळात ते जास्त पसरलं.

सभागृहं पुन्हा उघडली, तेव्हा काही मंडळ्यांनी प्रक्षेपण बंद केलं. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यापुढे आता हजेरीचा पेच आहे. पडद्यावरचा आकडा जोडलेली यंत्रं मोजतो. एका फोनसमोर सगळं कुटुंब असू शकतं आणि दुसऱ्यावर कुणी दहा सेकंदांत निघून गेलेलं असतं. काही ठिकाणी हा आकडा हजेरीत धरतात, काही ठिकाणी वेगळ्या रकान्यात लिहितात, तर काही ठिकाणी ऑनलाइन येणारे कित्येक महिने जोडलेले असूनही मंडळीच्या यादीत त्यांचं नावच नसतं.