एड्सकाळातील व्यक्तिछायाचित्रण

१९८१ साली अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेल्यापासून १९९६ च्या सुमारास परिणामकारक संयुक्त औषधोपचार हाती येईपर्यंत तेथे, मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, कलावंत व कार्यकर्ते यांची जी छायाचित्रे काढली गेली, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. कॅमेरा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न येथे तंत्रापेक्षाही मोलाचा ठरला.

निकोलस निक्सन यांनी एड्सग्रस्तांची दीर्घकाळ टिपलेली छायाचित्रे १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मांडली, तेव्हा ‘ॲक्ट अप’ या एड्सग्रस्तांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तेथे पत्रके वाटली. आमच्याकडे पाहत राहू नका, आमचे ऐका, असे त्यांत म्हटले होते. खंगलेला, एकाकी रुग्ण तेवढा दाखवला की सरकारी अनास्था नजरेआड होते, हा त्यामागील मुद्दा होता. निक्सन यांची दृष्टी निर्दय नव्हती. तरीही ती बाहेरून आलेल्या माणसाची होती.

याउलट छायाचित्रकार पीटर हुजार (१९३४–८७) यांनी आपल्याच वर्तुळातील लेखक, नट, चित्रकार यांची चौरस, कृष्णधवल व्यक्तिचित्रे काढली. त्यांतील बरीच माणसे अंथरुणावर पहुडलेली आहेत. २६ नोव्हेंबर १९८७ रोजी रुग्णालयात हुजार यांचे एड्समुळे निधन झाले, तेव्हा त्यांचे एकेकाळचे प्रियकर व जिवलग मित्र, चित्रकार-लेखक डेव्हिड वॉयनारोविच यांनी इतरांना खोलीबाहेर जायला सांगून त्यांचा चेहरा, हात आणि पाय वेगवेगळे टिपले. चेहऱ्याच्या चित्रात डोळे अर्धवट मिटलेले असून तोंड किंचित उघडे आहे. ज्याने आयुष्यभर इतरांना निजलेले टिपले, त्याचेच हे अखेरचे व्यक्तिचित्र.

एड्सने आजारी असलेले छायाचित्रकार रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या १९८८ च्या आत्मचित्रात काळा पोशाख काळ्या पार्श्वभूमीत विरून जातो. उरतात चेहरा आणि कवटीच्या मुठीची काठी धरलेला हात. त्यांतही काठी व मूठ रेखीव, तर मागचा चेहरा किंचित धूसर आहे. १९८९ मध्ये आंद्रियास स्टर्झिंग यांनी ओठ दोऱ्याने शिवलेल्या वॉयनारोविच यांचे छायाचित्र घेतले. ते पुढे निषेधाची खूण बनले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी न्यूयॉर्कमधील ‘आर्टिस्ट्स स्पेस’ या कलादालनात मित्रकलावंतांचे एड्सविषयीचे प्रदर्शन जुळवले. केंद्रीय कलानिधीने (नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्स) त्याचे १०,००० डॉलरचे अनुदान काढून घेतले. मुख्य आक्षेप भिंतीवरील चित्रांपेक्षा माहितीपुस्तिकेतील वॉयनारोविच यांच्या लेखावर होता. पुढे अनुदान परत मिळाले ते केवळ प्रदर्शनासाठी, पुस्तिकेसाठी नव्हे.