दाताचा धातूचा इम्प्लांट असेल तर एमआरआय करता येत नाही?

‘पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात धातूचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, बसवला की पुढे एमआरआय बंद, म्हणून सिरॅमिकच घ्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. इम्प्लांटचं टायटॅनियम चुंबकाला ओढलं जात नाही, त्यामुळे एमआरआय करता येतो. फक्त जबड्याजवळचं चित्र थोडं बिघडतं. चुंबकाने धरलेली कवळी असेल तर मात्र ती आधी काढायची आणि तंत्रज्ञाला इम्प्लांटबद्दल सांगायचं. गंमत म्हणजे दातांच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) झिर्कोनिया, म्हणजे सिरॅमिक इम्प्लांटचा पदार्थच, जास्त पांढरे पट्टे उमटवतो.

सिरॅमिकचा खरा फायदा वेगळा. पुढच्या दातांपाशी हिरडी २ मिमीपेक्षा पातळ असेल तर टायटॅनियमची करडी छटा बाहेर दिसते, पांढऱ्या झिर्कोनियाची दिसत नाही. पण त्यासाठीसुद्धा कित्येकदा टायटॅनियमच्या स्क्रूवर झिर्कोनियाचा अबटमेंट, म्हणजे कृत्रिम दात धरणारा वरचा खुंट, पुरतो.

झिर्कोनिया कडक आहे, पण ठिसूळ. टायटॅनियम थोडं वाकतं, हा सरळ तुटतो. बारीक व्यासाचा घेतला किंवा रुग्ण रात्री दात खात असेल तर धोका वाढतो. झिर्कोनियाच्या एकसंध प्रकारात स्क्रू आणि वरचा खुंट एकच असतो. कोन चुकला की बदलता येत नाही आणि घासून जुळवायला गेलं तर सूक्ष्म तडे पडतात. शिवाय हाड धरेपर्यंत खुंट तोंडात उघडाच असतो, जीभ आणि घास त्याला हलवत राहतात.

टायटॅनियमची खरी ॲलर्जी दुर्मीळ आहे. तंबाखू, आटोक्यात नसलेला मधुमेह आणि साचलेलं कीटण मात्र दोन्ही प्रकारचे इम्प्लांट घालवतात.