पोट सरकतं ते गाय घसरल्यामुळे नव्हे
फलटणपासून वाळव्यापर्यंत गोठ्यांत ऐकू येतं, 'गाय घसरली म्हणून पोट सरकलं.' तसं नसतं. व्यायल्यानंतर, बहुधा पहिल्या 4 आठवड्यांत, कॅल्शियम कमी पडणं, खाणं घटणं अशा कारणांनी गायीच्या चार पोटांपैकी चौथं पोट सुस्तावतं, त्यात गॅस भरतो आणि ते कोटीपोटाच्या (पहिल्या, सर्वांत मोठ्या पोटाच्या) डाव्या बाजूने वर चढतं. गाय पेंड नाकारते, वैरण मात्र थोडीफार चघळते; दूध घटतं. ताप सहसा नसतो, म्हणून अपचन समजून सोडा पाजण्यातच (हे फार चालतं) दिवस जातात. खरी खूण कानाला कळते: डॉक्टर डावीकडच्या मागच्या बरगड्यांवर स्टेथोस्कोप ठेवून टिचकी मारतात, तेव्हा रिकाम्या डब्यासारखा खणखणीत आवाज येतो. गायीला लोळवून जागेवर बसवलेलं पोट बरेचदा पुन्हा सरकतं. टाक्यांनी बांधलेलं टिकतं. उजवीकडे सरकलं तर पीळ पडू शकतो; तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर हवा.