आधी लंगडी, मग क्रिकेट : आमच्या वर्गात येणाऱ्या पालकांसाठी

नमस्कार.

चौकशीला येणारे बरेच पालक आम्हाला सांगतात, "याला खेळायचा कंटाळाच आहे हो, सारखा बसून असतो." मूल तिथेच आईचा हात धरून उभं असतं आणि सगळं ऐकत असतं. आमची पहिली विनंती हीच, की हे त्याच्यासमोर बोलू नका. शिवाय बहुतेक वेळा तो कंटाळा नसतोच. लंगडी घालताना दोन उड्यांत पाय टेकतो, आलेला चेंडू हातातून सुटतो, लगोरीला नेम लागत नाही. मग गडी वाटून घेताना त्याचं नाव शेवटी येतं. असं चार-सहा वेळा झालं की मूल स्वतःच म्हणतं, "मला नाही खेळायचं."

म्हणून ४ ते ९ वर्षांच्या मुलांसाठीचा आमचा हा वर्ग कुठल्याही एका खेळाचा नाही. पळणं, उड्या, लंगडी, फेकणं, झेलणं, पायाने चेंडू मारणं, टप्पे देत चेंडू नेणं, तोल सांभाळणं, एवढंच इथे शिकवतो, पण ते मन लावून. अमेरिकेतले अभ्यासक व्हर्न सीफेल्ट यांनी १९८० मध्ये मांडलं होतं, की ही मूळ कौशल्यं ठरावीक पातळीला पोहोचली नाहीत तर पुढे खेळांत शिरताना अडसर उभा राहतो. डेव्हिड स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यात वयाचा मुद्दा आणला, आणि तो आम्हाला रोज मैदानावर दिसतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला आपण भारी खेळतो असंच वाटत असतं. पाच वेळा चेंडू हुकला तरी ते सहाव्यांदा धावतं. सात-आठ वर्षांचं झालं की ते इतरांकडे बघून स्वतःला जोखायला लागतं. तोवर थोडं जमायला लागलेलं असलं तर ते आणखी खेळतं, खेळल्यामुळे आणखी जमतं. जमत नसलं तर हळूहळू कडेला जाऊन बसतं. "मोठा झाला की येईल आपोआप" असं म्हणत थांबू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो ते यासाठी.

फेकण्याचंच घ्या. लहान मूल समोर तोंड करून, पाय न हलवता, नुसत्या कोपरातून चेंडू टाकतं. पुढच्या टप्प्यात एक पाय पुढे येतो, पण ज्या हातात चेंडू त्याच बाजूचा. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे पडला, कंबर वळली आणि हात पार मागून आला, की चेंडू लांब जातो. "नीट फेक" असं कितीदा ओरडलं तरी हे येत नाही. आम्ही जमिनीवर खडूने एक पाऊल काढतो आणि सांगतो, "यावर पाय टाक आणि भिंतीवर जोरात मार." जोर लावला की अंग वळायला लागतं. नेमाची घाई केली तर मूल हात आखडून चेंडू नुसता ढकलतं. त्यामुळे आमच्याकडे स्टंप बऱ्याच उशिरा येतात, आणि "अजून बोलिंग का नाही?" या प्रश्नाचं उत्तरही हेच आहे.

झेलण्यात खरी अडचण भीतीची असते. चेंडू जवळ आला की डोळे मिटतात, मान वळते. म्हणून सुरुवात फुग्याने. तो सावकाश खाली येतो, बघायला वेळ मिळतो. मग मोज्यांचा गोळा, मग हलका मोठा बॉल आणि शेवटी टेनिस बॉल.

मुलींच्या पालकांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. चेंडूच्या खेळांत मुली मागे दिसतात, कारण त्यांच्या हातात चेंडू कमी वेळ येतो. घरी भावाला बॅट आणाल तेव्हा तिलाही बॉल आणा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. तेव्हापासून खो-खो शिकवता का, असं मुली स्वतः विचारतात. झटकन उठणं, झुकांडी देणं, वेगात असताना थांबणं याची तयारी इथे होते.

आता प्रमाणाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करायला हवी. २०१६ पर्यंतच्या माहितीवरून जगभरातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. आमचा वर्ग आठवड्यातून ३ दिवस, ४५ मिनिटांचा. म्हणजे फक्त वर्गाला पाठवून हा हिशोब भरत नाही. उरलेलं सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, शाळेच्या वाटेवर व्हायला हवं. वर्गातली मिनिटं मात्र आम्ही वाया घालवत नाही. एका बॅचला १२ मुलं, शिकवणारे दोघं आणि प्रत्येकाच्या हातात स्वतःचा चेंडू. रांगेत उभं राहून पाळीची वाट बघणं नाही, बाद झालं म्हणून बाहेर बसणंही नाही. जे मूल लवकर बाद होतं त्यालाच सरावाची जास्त गरज असते.

घरी लंगडी घ्या, दोन्ही पायांवर. उचललेला पाय ताठ लोंबतोय की झोक्यासारखा पुढेमागे हलतोय, ते बघा. तो हलायला लागला की उडी लांब पडते. दिवसाला दहा मिनिटं पुरे, पण तुम्हीही घाला.

एक गोष्ट आमच्या आवाक्याबाहेरची आहे. मूल सारखं धडपडत असेल, वयाच्या मानाने बटणं, नाडी, जिना, पेन्सिल हे सगळंच जड जात असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शाळकरी मुलांपैकी साधारण ५ ते ६ टक्क्यांना हालचालींच्या समन्वयाचा विकार असतो. तो आळस नाही आणि तुमची चूकही नाही. अशी मुलं आमच्याकडे जरूर यावीत, पण डॉक्टरांचा किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा सल्ला सोबत असावा.

पहिल्या दोन दिवसांची फी नाही. मूल नुसतं बसून बघत राहिलं तरी चालेल, त्याला ओढू नका. पायात घट्ट बसणारे बूट हवेत, सँडल नकोत. पाण्याची बाटली द्या आणि येण्याआधी तासभर पोटभर खायला देऊ नका.