धूर बाहेरचा, घाव घरचा

आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बाईला साठीत जिना चढताना दम लागतो. तिने विडी कधी ओढलेली नसते, तरी डॉक्टर सीओपीडी, म्हणजे श्वास कोंडणारा फुप्फुसांचा जुनाट आजार, सांगतात. धुराने फुप्फुसं जाळली, असं आपण म्हणतो. पण धुरापेक्षा जास्त नासधूस आपल्याच पेशी करतात.

वायुकोशांमध्ये महाभक्षक पेशींचा पहारा असतो. श्वासातून आलेला कण त्या गिळतात आणि मदतीला रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावतात. न्यूट्रोफिलजवळ इलॅस्टेज नावाचं विकर असतं. ते जंतू मारतं, तसंच वायुकोशाच्या भिंतीतले लवचीक धागेही कापतं. त्याला आवर घालणारं प्रथिन, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन, यकृतातून येतं. १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिकसन यांना हे प्रथिन जवळपास नसलेले पाच जण सापडले. त्यांतल्या तिघांचे वायुकोश फाटलेले होते. सिगारेटचा धूर तर हे प्रथिनच निकामी करतो, म्हणजे कात्री मोकाट सुटते. सिगारेट सोडली की फुप्फुसांची झीज मंदावते, पण या पेशींनी आणलेली सूज अनेकांत वर्षानुवर्षं टिकून राहते.

कॅन्सरची गोष्ट मला याहून विलक्षण वाटते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं, की निरोगी फुप्फुसांतही ईजीएफआर या जनुकात बिघाड झालेल्या काही पेशी गपचूप पडून असतात. हवेतले पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण आले, की महाभक्षक पेशी इंटरल्युकिन-१ बीटा हा सूज आणणारा संदेश सोडतात, आणि त्या निजलेल्या पेशी वाढू लागतात. उंदरांमध्ये हा संदेश अडवला, तेव्हा प्रदूषणामुळे गाठी वाढणं थांबलं.

माणसांतला धागा त्याआधीच, आणि तोही हृदयरोगाच्या चाचणीत, हाती लागला होता. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या या चाचणीत हाच संदेश अडवणारं कॅनाकिनुमॅब हे औषध तपासलं गेलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सर्वांत मोठी मात्रा घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू ७७ टक्क्यांनी कमी होते. मात्र औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने दगावलेले जास्त होते, कारण संदेश अडवला की पहाराही ढिला पडतो. पुढे कॅन्सर बळावलेल्या रुग्णांना हेच औषध देऊन पाहिलं, तेव्हा त्यांचं आयुष्य त्याने वाढलं नाही. तोवर त्या पेशी जाग्या होऊन बराच काळ लोटलेला असतो.