जंगल राखायचं कुणी? पुणे परिसरातल्या लोकवनांची पार्श्वभूमी

जून उजाडला की पुण्यात वृक्षारोपणाच्या बातम्या सुरू होतात. खड्डे किती, रोपं किती, पाहुणे कोण, सगळं छापून येतं. तीन उन्हाळे उलटल्यावर त्यातली किती रोपं उभी आहेत, याची बातमी सहसा होत नाही. तरीही पुणे आणि शेजारच्या जिल्ह्यांत बोडके डोंगर पुन्हा झाडीने भरल्याची उदाहरणं आहेत. त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. तिथे झाड लावणाऱ्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, राखणारा महत्त्वाचा होता, आणि त्या रानाबद्दल त्याच्या शब्दाला काही किंमत होती. ही किंमत कशी गेली आणि तुकड्यातुकड्यांनी कशी परत येते आहे, याची कहाणी जवळपास दीडशे वर्षांची आहे.

त्याआधीची व्यवस्था आजही मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, आंबेगाव या भागांत पाहायला मिळते. गावाला गुरं चारायला गायरान असायचं, भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, फांद्या तोडायला ठरावीक रान असायचं, आणि एक तुकडा देवाचा असायचा. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा घरी न्यायचं नाही, देवळाच्या दुरुस्तीला लाकूड लागलं तरी आधी देवाचा कौल घ्यायचा. आंबेगाव तालुक्यातल्या आहुप्याच्या देवराईसारख्या ठिकाणी बाहेरचं ऊन सोडून आत पाऊल टाकलं की फरक अंगाला जाणवतो. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर, वर एकमेकांत गुंतलेला झाडोरा, आणि मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल. अनेक गावांचे झरे अशाच रायांच्या पायथ्याशी आहेत. पाचोळा पावसाचं पाणी धरून ठेवतो आणि ते सावकाश सोडतो, हे गावकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं.

ही माहिती शास्त्राच्या कागदावर आणण्याचं काम पुण्यातून झालं. १९७०च्या दशकात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे (आजची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांची पाहणी केली. कोकणात श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची देवराई तोडली जाणार होती, तेव्हा ती वाचवण्यासाठी गावकरी या दोघांकडे आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: राई गेली की ओढा आटेल. शेवटी राई वाचली. त्या काळी देवरायांकडे अंधश्रद्धेचं लक्षण म्हणून बघणारे सुशिक्षित लोक कमी नव्हते. या अभ्यासांनी ती नजर बदलायला सुरुवात केली, आणि त्याचं मोल मला फार मोठं वाटतं.

देवरायांभोवतीचं बाकीचं रान मात्र फार आधीच गावाच्या हातून गेलं होतं. १८६५मध्ये पहिला वन कायदा आला, पण खरा घाव घातला तो १८७८च्या कायद्याने. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशा तीन वर्गांपैकी ग्रामवनं कागदावरच राहिली. डोंगर आणि गायरानं राखीव जंगलात ओढली गेली. ज्यांची गुरं तिथे चरत होती, ते एका रात्रीत गुन्हेगार ठरले. १८८३मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये यावर कडक टीका केली. जंगल खात्याने डोंगर, दऱ्या, गायरानं घशात घातली आणि गरीब शेतकऱ्याच्या शेरडाकरडांना जागा उरली नाही, असा त्यांचा आरोप होता. त्याच पुस्तकात पुढे जे आहे, त्याची आठवण कमी काढली जाते. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाबरोबर शेतात येऊन जमीन कशी सुपीक करतो, हे फुल्यांनी सांगितलं. लष्कर आणि पोलिसांतल्या जादा शिपायांकडून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतात मुरेल आणि मग ओढ्याला जाईल, असं सुचवलं. आज ज्याला आपण माथा ते पायथा पाणलोट विकास म्हणतो, त्याचा गाभा पुण्याच्या या माणसाने १८८३मध्येच मांडला होता.

१९२७च्या भारतीय वन कायद्याने तीच चौकट पक्की केली. १९३०च्या जंगल सत्याग्रहात पुसदपासून बिळाशी, संगमनेर आणि चिरनेरपर्यंत लोक विळे-कोयते घेऊन रानात शिरले, त्यामागे हाच राग होता. स्वातंत्र्यानंतरही कायदा बदलला नाही. शहरांची सरपणाची आणि कोळशाची भूक वाढत गेली आणि सह्याद्रीच्या उतारांवर कोळशाच्या भट्ट्या पेटल्या. गावाला वाटे जंगल सरकारचं, आणि सरकारकडे प्रत्येक डोंगरावर उभं राहायला माणसं नव्हती. मधल्या मध्ये रान संपलं.

उलटा प्रवास दुष्काळी पट्ट्यात सुरू झाला. १९७२च्या दुष्काळानंतर काही वर्षांतच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत, आणि १९८९नंतर पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारमध्ये गावाने स्वतःहून चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली. डोंगरावर उताराला आडवे सलग समतल चर खोदले, गवत कापून न्यायला मुभा दिली, मोकाट चराई थांबवली. दोन्ही गावं आता नको इतकी प्रसिद्ध आहेत, म्हणून इथे जास्त लिहीत नाही. धोरणही मागोमाग हललं. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांना पहिलं स्थान दिलं, जंगल राखण्यात गावांना सामील करून घेण्याबद्दल जून १९९०मध्ये केंद्राचं परिपत्रक निघालं आणि १९९२मध्ये महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापन, म्हणजे वन खातं आणि गाव यांनी मिळून जंगल राखण्याची पद्धत, स्वीकारली. गावोगावी समित्या झाल्या. जिथे वनरक्षक आणि गाव यांचं जमलं तिथे कामं चांगली झाली, पण समितीचा सचिव वन खात्याचाच आणि अखेरचा शब्दही खात्याचाच. त्यामुळे साहेबांची बदली झाली की समितीही थंडावायची.

२००६च्या वनहक्क कायद्याने हे मुळापासून बदललं. गाव परंपरेने जे जंगल राखत आलं, त्याचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा हक्क झाला, आणि गौण वनोपजावर, म्हणजे हिरडा, मध, बांबू अशा रानातल्या उत्पन्नावर, मालकी मिळाली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, तो महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. पुणे जिल्ह्यात या हक्काचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर हिरड्याकडे बघावं. आंबेगाव, जुन्नर आणि खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी उन्हाळ्यातला रोख पैसा म्हणजे बाळहिरडा. फळ कोवळं, आत बी टणक होण्याआधीच काढावं लागतं. माणूस झाडावर चढून फळं पाडतो, खाली बायका-मुलं वेचतात, मग उन्हात वाळवून ती काळी पडली की व्यापाऱ्याकडे किंवा आदिवासी विकास महामंडळाकडे जातात. घाईघाईत फांदीच तोडली तर पुढचा बार बुडाला. म्हणून ज्याला पुढच्या वर्षी तेच झाड आपलं असेल याची खात्री आहे, तोच फांदी सांभाळतो. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याचं मोठं नुकसान झालं आणि भरपाईसाठी आदिवासी शेतकऱ्यांना दीर्घ लढा द्यावा लागला. शेतातल्या पिकाची नुकसानभरपाई मिळते, तर रानातल्या झाडाची का नाही, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

याच भागात डिंभे धरणाने विस्थापित झालेल्या लोकांबरोबर ‘शाश्वत’ संस्थेने काम केलं. उतारावर सगळ्यांनी मिळून दगडी बांध घालून भाताची खाचरं तयार करण्याची ‘पडकई’ ही जुनी रीत त्यांनी पुन्हा उभी केली. माती जागेवर राहिली, कुटुंबाला भात मिळाला. या कामाला २०१२मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. भीमाशंकर परिसरात भोरगिरीला पुण्याच्या ‘एईआरएफ’ (अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन) संस्थेने बेहडा आणि हिरड्याच्या जबाबदार संकलनाला फेअरवाइल्ड हे रानातल्या वनस्पती झाड न संपवता गोळा केल्याचं प्रमाणपत्र मिळवून दिलं. झाड उभं ठेवण्यातच पैसा आहे, हे दाखवण्याची ही एक वाट.

प्रत्यक्षात जंगल परततं कसं, याबद्दल शहरात बराच गैरसमज आहे. घाटमाथ्याकडच्या पट्ट्यात रोपं लावण्याची गरज अनेकदा फारच कमी असते. तोडलेल्या जांभूळ, अंजनी, हिरड्याचे खुंट जमिनीत जिवंत असतात. चराई थांबवली, फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवा आत येऊ नये म्हणून जाळरेषा (गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढल्या, तर काही पावसाळ्यांत खुंटांना फुटवे येऊन रान पुन्हा अंग धरतं. याला खर्च कमी आणि माणसं जास्त लागतात, म्हणून ते गावाशिवाय होत नाही. पूर्वेला बारामती, इंदापूर, सुपे भागात तर झाडं लावण्याचा उत्साहच नडतो. तिथलं मूळ रान गवताळ आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तिथे टिकला तो गवतामुळे. त्या माळावर दाट झाडी लावणं म्हणजे चिंकारा, लांडगा आणि मेंढपाळ या तिघांचंही घर मोडणं.

शहराच्या टेकड्यांवरही हाच धडा मिळाला आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती-पाचगाव या भागात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. मध्य अमेरिकेतलं हे झाड भराभर वाढतं आणि शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्या वेळी ते सोयीचं वाटलं. टेकड्या हिरव्या झाल्या, पण मूळची गणेर, सालई, मेडशिंगी, पांढरूक मागे पडली. आता नागरिकांचे गट गिरिपुष्प विरळ करून स्थानिक झाडं लावतात, आणि सकाळी फिरायला येणारे बाटलीने पाणी वर नेऊन ती जगवतात. वारज्यात वन खात्याच्या उजाड जागेवर लोकसहभागातून वन उभं राहिलं, आणि जून २०२०मध्ये केंद्राने देशात २०० नगरवनांची, म्हणजे शहरातल्या वनांची, योजना जाहीर केली तेव्हा त्याचंच उदाहरण पुढे ठेवलं.

गावचं रान आणि शहराची टेकडी यांत फरक आहे तो हक्काचा. १९९७मध्ये पालिकेत आलेल्या २३ गावांतल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण पडलं, आणि राज्य सरकारची मान्यता यायला २०१५ उजाडलं. त्यातली बरीच जमीन खासगी मालकीची आहे आणि ती ताब्यात घेण्याचं काम आजही अर्धवट आहे. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या आणि बोगद्यांच्या प्रस्तावाविरुद्ध एप्रिल २०२३मध्ये हजारो पुणेकर वेताळ टेकडीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या हातात फक्त निवेदनं होती. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला स्वतःच्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ठरवण्याचा हक्क दिला आहे. कोथरूड किंवा पाषाणमध्ये वीस वर्षं टेकडी राखणाऱ्या गटाला तसा कोणताही हक्क नाही. त्याला वन खात्याच्या किंवा पालिकेच्या परवानगीवर काम करावं लागतं, आणि ती परवानगी कधीही थांबू शकते.